‘आत या’: बलस्थाने, उणिवा आणि माझा निःपक्षपातीपणा

४ मार्च. दुपार.

आजपासून पहाटे पाचला उठायचं असं ठरवलं. ठरवलं तेव्हा साडेअकरा वाजले होते, त्यामुळे उद्यापासून.

प्रकाशकाकडून नवीन मॅन्युस्क्रिप्ट आलंय. प्रकाशक म्हणजे शाळेतला माझा वर्गमित्र. त्याच्याकडे आलेल्या कादंबऱ्या छापायच्या की नाही हे माझ्या अभिप्रायावर ठरतं. निदान मी तसं समजतो, आणि तोही नाही म्हणत नाही. पद्धत कडक आहे. लेखकाच्या नावाचं पहिलं पान तो काढून ठेवतो, म्हणजे ओळखपाळख आड येत नाही. मी एका कागदावर बलस्थाने लिहायची, दुसऱ्यावर उणिवा. बलस्थानांच्या कागदावर सहसा बरीच जागा उरते, तिथे मी माझ्या स्वतःच्या कादंबरीची टिपणं काढतो.

या वेळी व्हॅम्पायरची भयकादंबरी आहे. नाव ‘आत या’. गेली अकरा वर्षं एका गंभीर कादंबरीत बुडालेल्या माणसाला व्हॅम्पायर वाचायला लावायचं म्हणजे कमाल आहे. माझं पहिलं प्रकरण जवळजवळ झालंय. असो. हे बाड एका बैठकीत उडवतो.

पडदे ओढून घेतले. उन्हाने माझं डोकं उठतं.

ताईला सांगितलं की काही दिवस मला हाक मारू नये. ताई माझी थोरली बहीण. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. ती एकटी पडू नये म्हणून मी तिच्या घरी राहतो. ती म्हणाली, हाक मारायला मी घरात असते कुठे. हेही खरंच.

५ मार्च.

पाचला उठलो नाही. सहाला जाग आली, स्वयंपाकघरातल्या टाइपिंगने. ताई गेली दोन वर्षं पहाटे उठून लॅपटॉपवर दुकानाचं काहीतरी करत असते. आज बिछान्यातूनच ओरडून सांगितलं की बटणं जरा हळू दाब. ती म्हणाली, आता संपलंच आहे, मालकांना हे एक पत्र झालं की यापुढे आवाज येणार नाही. एवढ्या चटकन ऐकेल असं वाटलं नव्हतं. शब्द योग्य वेळी टाकावा लागतो.

पहिलं प्रकरण वाचलं. एका बाईच्या दारात एक पाहुणा बॅग घेऊन उभा आहे. आठ दिवसांसाठी आलोय म्हणतो. पायपुसण्यावर उभा राहतो, पण उंबरा ओलांडत नाही. वाट बघत राहतो. मग बाई म्हणते, आत या.

बस, एवढंच. आणि माझ्या अंगावर काटा आला. व्हॅम्पायरला कुणी बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही, हा त्या जमातीचा जुना नियम. पण एकदा बोलावलं की मग त्याला घालवता येत नाही. लेखकाने हे बरोबर पकडलंय. बलस्थानांत नोंद केली: दारातला प्रसंग उत्तम.

लेखक पुरुष. साठीच्या पुढचा. बहुधा लष्करातून निवृत्त. वाक्यं आखूड, दयामाया शून्य. बायका इतकं थंड लिहीत नाहीत. यातला माझा अंदाज सहसा चुकत नाही.

७ मार्च. दुपार.

एका बैठकीत उडवणार होतो, पण हे पुस्तक हळू वाचावं लागतं. मध्ये मध्ये उठून घरात चक्कर मारावीशी वाटते.

पाहुणा आठ दिवसांनी जात नाही. बाई संध्याकाळी कामावरून आली की तो तिच्यासमोर बसतो आणि विचारतो, आज काय झालं? बाई सांगू लागते. तो ऐकत नाही, नुसता बघत असतो. सांगून झालं की बाईचं काहीतरी गेलेलं असतं. आधी गुणगुणायची सवय जाते. मग मैत्रिणीचं नाव. मग केसांचा काळेपणा. पाहुणा मात्र टवटवीत होत जातो. एका ठिकाणी लिहिलंय, ‘घर आता त्याला ओळखू लागलं होतं आणि तिला विसरू लागलं होतं.’

मी दिवा लावला. दुपारचे तीन वाजले होते, तरी लावला.

उणीव: अर्धी कादंबरी संपली, अजून एकही चावा नाही. मानेचा साधा उल्लेखही नाही. व्हॅम्पायर काय चहाबिस्किटांवर जगतो?

संध्याकाळी ताई आली. मी विचारलं, आज काय झालं? ती दारातच थांबली, चप्पल पायात तशीच. म्हणाली, काही नाही. हल्ली ती काही सांगतच नाही. वय झालं की माणूस मिटत जातं.

९ मार्च.

ताईचं हिमोग्लोबिन फार खाली आलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज पेलाभर बीटाचा रस घ्यायला सांगितलंय. रस चांगला लागतो. टेबलावर होता, वाचता वाचता मीच प्यालो. ताई आतून आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मिशीला लाल लागलं होतं म्हणे. मी म्हणालो, बौद्धिक कामात रक्त फार आटतं. ती म्हणाली, पाहतेय ना मी.

उद्यापासून दोन पेले कर म्हणून सांगितलं. तिच्या तब्येतीची हेळसांड मला खपणार नाही.

११ मार्च.

आज जेवताना ताईने आपणहून विचारलं, सध्या काय वाचतोयस? मी सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, कशी आहे? मी म्हणालो, भीती वाटते, याचा अर्थ चांगली असावी. शिफारस करीन म्हणतो.

तिचा चेहरा एकदम उतरला. थोड्या वेळाने तिने विचारलं की मागे मी एका जाडजूड कादंबरीची शिफारस केली होती, तिचं पुढे काय झालं? मी सांगितलं की ती काळाच्या पुढची असल्यामुळे प्रकाशकाच्या गोदामात आहे. तिने विचारलं, आणि ज्या दोन तू धुऊन काढल्या होत्यास? त्या त्याने का कोण जाणे छापल्या, आणि दुर्दैवाने खपल्याही. वाचकांची अभिरुची हा वेगळा विषय आहे, असं मी म्हणालो. त्यावर बराच वेळ बोललो.

ताई ऐकत होती. मग हळूच म्हणाली, मग घाईने कौतुक करू नकोस बाबा, तुझी पारख बारीक आहे, उणिवा नीट शोध. या घरात माझी किंमत कळायला एवढी वर्षं लागली. डोळे भरून आले. तिच्या ताटातली अर्धी पोळी राहिली होती, ती खाल्ली.

१३ मार्च. दुपार. पडदे बंद.

घरातले सगळे दिवे लावलेत.

पाहुणा कान तुटलेल्या निळ्या कपातून चहा पितो. सोफ्याच्या डाव्या अंगाला बसतो, आणि इतकी वर्षं बसल्यामुळे तिथे खड्डा पडलाय. मी हे वाचलं तेव्हा माझ्या हातात निळा कप होता. कान तुटलेला. मी उठलो आणि सोफ्याकडे पाहिलं. डाव्या अंगाला खड्डा.

कुणीतरी या घरात येऊन गेलंय. कुणीतरी बघतंय. दाराची कडी दोनदा तपासली. पलंगाखाली पाहिलं. तिथे मागच्या हिवाळ्यापासून हरवलेला मोजा सापडला, बाकी कुणी नाही.

संध्याकाळी ताईला विचारलं की घरात कुणी परकं माणूस येऊन बसतं का? ती म्हणाली, आता परकं म्हणवत नाही. याचा अर्थ काय ते विचारायचं राहिलं.

१४ मार्च.

लेखक सापडला.

नवव्या प्रकरणात एक गृहस्थ त्या बाईला भेटायला येऊ लागतो. खिडक्यांच्या काचा बसवणारा, साधा, थोडा लाजाळू. बाईचा रंग परत येतो. ती पुन्हा गुणगुणते. मग पाहुणा रोज दोघांच्या मधोमध येऊन बसतो. काही करत नाही, नुसता बसतो. एके दिवशी काचा बसवणारा येत नाही. पुन्हा कधीच येत नाही. बाई दाराकडे बघत राहते आणि पाहुणा म्हणतो, चहा टाकतेस?

हे वाचून थोडा वेळ बरं वाटेना. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. ताईच्या दुकानाला चष्म्याच्या काचा पुरवणारा एक इसम पूर्वी आमच्याकडे यायचा. सहा-सात महिने येत होता. त्याला परकं वाटू नये म्हणून मीही रोज त्यांच्याबरोबर बसायचो. जांभया यायच्या, पण बसायचो. तो एकाएकी यायचा बंद झाला. म्हणजे या माणसाने माझा कप पाहिलाय, सोफा पाहिलाय. तोच लेखक. मी लष्कर शोधत बसलो होतो, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि हिंमत बघा. दुसऱ्याच्या घरी येऊन फुकटचा चहा ढोसणारा हा, आणि कादंबरीत स्वतः गरीब गाय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

ताईला सांगितलं. ती हसली. हसता हसता खुर्चीवर बसली आणि डोळे पुसले. नंतर भांडी घासताना गुणगुणत होती. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होतो. का कोण जाणे, तो आवाज मला आवडला नाही.

१६ मार्च.

कादंबरीतला पाहुणा आरशात दिसत नाही. नियमच आहे तसा. वाचताना सहज वाटलं, आपण एकदा बघून यावं.

बोळातल्या आरशासमोर जाऊन उभा राहिलो. आरशात मी नव्हतो. भिंत होती आणि एक खिळा होता. घशातून विचित्र आवाज आला. आरसाच तिथे नव्हता हे नंतर लक्षात आलं. त्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन होता, तेवढाच स्वच्छ.

ताईला विचारलं. ती म्हणाली, बांधून ठेवलाय. तिची दुसऱ्या शहरातल्या शाखेत बदली झालीय, तिनेच मागून घेतली आहे, एकतीस तारखेला ती घर सोडतेय. मालकांना कळवलंय. माझ्यासाठी एक खोली बघून ठेवलीय, किल्ली फ्रिजवर आहे. हे ती मला मागच्या महिन्यातही म्हणाली होती म्हणे, त्याच्या आधीच्या महिन्यातही. मी म्हणालो, बरं, बघू. मन पंधराव्या प्रकरणात होतं.

दाढी वाढलीय हे हाताला कळतंच. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

१८ मार्च.

मोठा निर्णय.

कल्पना चांगली आहे, पण चुकीच्या हातात पडलीय. काचवाल्याने व्हॅम्पायरचा खेळखंडोबा केलाय. चावा नाही, रक्त नाही, वटवाघूळ नाही, आणि तरीही माणूस दुपारी दिवे लावतो. ह्याच गोष्टीत चावे घातले तर काय होईल? हे मीच करू शकतो. ही चोरी नाही. बुडणाऱ्या माणसाच्या हातातलं सामान आपण धरतोच की.

त्यासाठी ही कादंबरी रिजेक्ट होणं आवश्यक आहे. माझा निःपक्षपातीपणा अर्थातच कायम आहे.

उद्यापासून रोज दहा पानं. नाव ठरलं: ‘दारात कोण’. आता फक्त मजकूर बाकी आहे.

१९ मार्च.

शेवट वाचला. पाहुण्याला कुणी मारत नाही. छातीत लाकडी खुंटा नाही, ऊन नाही, मंत्र नाही. बाई एके सकाळी दारावरची स्वतःच्या नावाची पाटी काढते, किल्ल्या देऊन टाकते आणि बॅग घेऊन जिना उतरते. पाहुणा संध्याकाळी तिची वाट बघतो. नंतर तिथे दुसरी माणसं राहायला येतात. पाहुणा जिन्यात उभा. दार उघडंच असतं, आतला दिवा दिसतो, पण ‘आत या’ म्हणणारं आता कुणी नाही. आणि कादंबरी संपते.

उणीव: शेवट पटत नाही. क्लायमॅक्स नाही. असं नुसतं निघून जाऊन कुणी व्हॅम्पायरपासून सुटतं का?

लिहिलं, आणि उठून दारावरची पाटी बघून आलो. होती.

दहा पानं उद्यापासून.

२० मार्च. संध्याकाळ.

रिपोर्ट लिहिला. ताई शेजारी येऊन बसली. किती वर्षांनी. तिने दोघांसाठी चहा केला आणि मला मदत केली. म्हणाली, एकही चावा नाही हे सगळ्यात वर घाल. म्हणाली, शेवट लंगडा आहे हे ठळक लिही. शेवट मी तिला सांगितला नव्हता, पण सांगितला असेन. माझ्या सहवासात तिची साहित्याची समज बरीच वाढलीय.

मग तिने पेन माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलं आणि विचारलं, खरं सांग, तो पाहुणा वाचताना तुला काहीच वाटलं नाही? कुणाची आठवण नाही झाली?

मी म्हणालो, पाहुणा हीच तर सगळ्यात मोठी उणीव. असा माणूस असूच शकत नाही. आयत्या बिळावर नागोबा मी समजू शकतो, पण नागोबाला आपण नागोबा आहोत हे तरी माहीत असतं. हा दुसऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं राहतो, तिचं सगळं संपवतो, आणि त्याला वाटतं आपण तिला सोबत करतोय? कोण विश्वास ठेवील?

ताई माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. दुकानात गिऱ्हाइकाला अगदी खालची ओळ वाचता येते का ते ती बघते, तशी. मग म्हणाली, मलाही आधी विश्वास बसत नव्हता.

तिने पेन पुन्हा उचललं. उणिवांचा पहिला कागद तिच्याच अक्षरात भरला, मी सांगत होतो. उणिवांना तीन पानं लागली. बलस्थानांत एकच ओळ: कागद चांगला वापरला आहे.

२४ मार्च.

रिपोर्ट प्रकाशकाला नेऊन दिला. त्याने तिथेच वाचला. वाचता वाचता त्याचा चेहरा उजळत गेला. विचारलं, एकही चावा नाही? खरंच? ते त्याने वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून घेतलं. मग उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाला, आजपर्यंत इतकं सणसणीत तू काही लिहिलं नव्हतंस. एका वाईट पुस्तकातून वाचल्याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसत होतं.

काचवाल्याचा निकाल लागला. घरी येताना जिन्यात मागे कुणीतरी चालतंय असं वाटलं. थांबलो की तेही थांबायचं. माझीच चप्पल सैल झालीय.

२८ मार्च.

घरात काहीतरी होतंय.

शिलाई मशीन नाही. भिंतीवरची चित्रं नाहीत. आवाज घुमतो. आज सकाळी जाग आली तर खोलीभर ऊन. पडदे नव्हते. टेबलाखाली जाऊन झोपलो. एक माणूस येऊन खिडक्या आणि दार मोजून गेला, माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. मी टेबलाखाली होतो हे मान्य आहे, पण तरी.

दुपारी दार उघडून पाहिलं. ताईच्या नावाची पाटी नव्हती. स्क्रूची दोन भोकं होती. पॉलिशला दिली असेल. तरी गार पडलो. एकोणीस तारखेला मी जे वाचलं ते माझ्या घरात एकेक करून उतरतंय. हे पुस्तक नाही, करणी आहे.

आणि संध्याकाळी तो आला. काचवाला. केस पिकलेत. दारातच थांबला. ताई आतून म्हणाली, या ना, आत या. हे शब्द ऐकले आणि मी दोन पावलं मागे सरलो.

मी त्याच्यासमोर जाऊन म्हणालो, तुम्ही कोण आहात ते मला कळलंय. तो शांतपणे म्हणाला, मलाही, फार पूर्वीच. मग म्हणाला की जरा कपाटाची ती बाजू धरता का. मी धरली. खाली टेम्पोपर्यंत धरली.

‘दारात कोण’: आज शून्य पानं. परिस्थिती पाहता चांगली प्रगती.

३१ मार्च.

ताईने पाचला उठवलं. पहाटे पाचला उठण्याचा संकल्प अशा रीतीने पूर्ण झाला.

ती बाहेर जायच्या कपड्यांत होती. खोलीत माझी गादी आणि माझी बॅग, बाकी काही नाही. तिने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मूठ मिटवली. डब्यात उकडलेली अंडी आणि टोस्ट आहेत म्हणाली. खोलीचा पत्ता किल्लीला बांधलाय. तिथे ऊन भरपूर येतं, तुला आधी त्रास होईल, मग सवय होईल. दुपारी बाराला मालकांचा माणूस येईल, त्याच्या आत निघ.

दारात जाऊन ती वळली. म्हणाली, तू नोकरी सोडून आलास तेव्हा मी आत ये म्हणाले, त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पण मी दमले रे. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी विचारलं, परत कधी येणार? तिने बॅगेचा दांडा वर ओढला. जिन्यात बॅगेची चाकं वाजत गेली, प्रत्येक पायरीला एकदा.

आठ दिवसांत येईल. पुन्हा झोपलो.

नंतर: मालकांचा माणूस उद्धट निघाला. बॅग त्यानेच बाहेर ठेवली. आपल्यासारख्याने वाद काय घालायचा. खोलीवर आलो. खिडकी पूर्वेला आहे. पडद्याची दांडीसुद्धा नाही.

२ एप्रिल. दुपार.

प्रकाशकाकडे गेलो. ‘दारात कोण’ची घोषणा करायची होती. त्याच्या टेबलावर ‘आत या’ पडलेलं, वर लाल पेन्सिलीने लिहिलेलं: छापणे, तातडीने.

मी म्हणालो, मी तर रिजेक्ट केलं होतं. तो म्हणाला, म्हणून तर. मग खुर्ची जवळ ओढून, फार प्रेमाने त्याने मला सांगितलं की माझ्याइतका भरवशाचा परीक्षक त्याला दुसरा मिळणार नाही. मी शिफारस केलेलं प्रत्येक पुस्तक पडलंय आणि मी धुतलेलं प्रत्येक खपलंय. आता तो डोळे मिटून माझ्या उलट जातो. तीन पानं उणिवा म्हटल्यावर त्याने पहिलीच आवृत्ती मोठी काढायची ठरवली. ‘दोनशे पानांत एकही चावा नाही’ हे माझं वाक्य मागच्या कव्हरवर जाणार आहे.

मी म्हणालो, पण हा माणूस काचा विकतो. तो म्हणाला, कोण माणूस? आणि खणातून पहिलं पान काढून समोर ठेवलं.

ताईचं नाव होतं. आणि खाली आमचं आडनाव.

प्रकाशक म्हणत होता की मॅन्युस्क्रिप्टबरोबर लेखिकेचं पत्र आलं होतं. अट एकच. परीक्षणाला हे तुझ्याकडेच पाठवावं. छापलं नाही तरी चालेल, पण तू एकदा शेवटपर्यंत वाचावंस. तिला वाटत होतं, वाचलं तर तुझ्या काहीतरी लक्षात येईल. त्याने मला विचारलं, आलं का लक्षात? मी म्हणालो, पाणी आहे का? तिथला जार रिकामा होता.

२ एप्रिल. संध्याकाळ.

पाय आपोआप जुन्या घराकडे वळले. किल्ली नव्या खोलीची खिशात होती, तरी वळले.

जिना चढलो. दारावर दुसरी पाटी. दार उघडंच होतं, आत खोकी, नवा दिवा, आणि माझा सोफा होता त्या जागी एक बाई उकिडव्या बसून काहीतरी सोडत होत्या. मी पायपुसण्यावर उभा राहिलो. उंबरा समोर होता. नुसता लाकडाचा तुकडा, इतकी वर्षं मी तो न बघता ओलांडत होतो. पाय उचलेना. मला भीती वाटली. दुपारी दिवा लावून वाटायची तशी नाही. आपलीच वाटली.

बाईंनी वर पाहिलं. कोण पाहिजे, म्हणाल्या. मला सांगता येईना. पाणी मिळेल का, विचारलं. त्यांनी पाणी आणलं. मी पायपुसण्यावरच उभा राहून प्यालो. आता म्हणतील, असं वाटलं. त्यांनी ग्लास परत घेतला, बरं म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पायरीवर बसून प्रकाशकाला फोन केला. म्हणालो, शेवट पटत नाही ही ओळ उणिवांतून काढ. शेवट बरोबर आहे. पाहुणाही बरोबर आहे. सगळं बलस्थानांत घाल. तो घाबरून म्हणाला, अरे बाबा, कौतुक करू नकोस, मोठी आवृत्ती आहे, बुडवशील. मी बरं म्हणालो.

मग ताईला लावला. मागे कुणीतरी भांडी लावत होतं आणि ती हसतच फोनवर आली. तिने विचारलं, आज काय झालं? सांगण्यासारखं खूप होतं, आणि तिने ते सगळं ऐकलं असतं. मी म्हणालो, काही नाही.